सामूहिक आपत्ती आणि अतिदक्षता विभागाची पूर्वतयारी

रेल्वेगाडीतील स्फोट, घाटात दरीत कोसळलेली बस, कारखान्यातील वायुगळती, भूकंप अथवा साथीचा रोग, यांपैकी कोणत्याही प्रसंगी एकाच वेळी अनेक अत्यवस्थ रुग्ण रुग्णालयाच्या दाराशी येतात. अशा प्रसंगास वैद्यकीय परिभाषेत ‘सामूहिक आपत्ती’ म्हटले जाते. आपत्ती मोठी की लहान हे जखमींच्या संख्येवरून ठरत नाही. आलेले रुग्ण आणि हाताशी असलेली साधने यांच्यात किती तफावत आहे, यावरून ते ठरते. महानगरातील मोठ्या रुग्णालयाला सहा अत्यवस्थ रुग्ण सामावून घेता येतील. परंतु ज्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पाचच खाटा आहेत आणि त्या पाचही भरलेल्या आहेत, त्याच्या दृष्टीने तेच सहा रुग्ण ही सामूहिक आपत्ती ठरते.

धर्मादाय रुग्णालयाच्या हितचिंतकांना अतिदक्षता विभागाबद्दल विशेष आस्था असते. त्यामुळे आपत्तीच्या तयारीचा विषय निघाला की अधिक खाटा आणि अधिक यंत्रे यांचा विचार प्रथम होतो. तो योग्यच आहे, पण अपुरा आहे. जागा, माणसे, साहित्य आणि निर्णयाची पद्धत या चार गोष्टींवर विभागाची आपत्काळातील क्षमता अवलंबून असते. पहिल्या तीन गोष्टी कमी पडू लागल्यावर सारा भार चौथीवर येतो, आणि ती ऐनवेळी बाजारातून आणता येत नाही. प्रस्तुत लेखात या चारही अंगांचा देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्या दृष्टिकोनातून विचार केला आहे.

अनुभव काय सांगतो?

दि. 11 जुलै 2006 रोजी सायंकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत अवघ्या 11 मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत विखुरलेल्या ठिकाणी सातशेहून अधिक माणसे जखमी झाली. रुग्णवाहिका पोहोचण्यापूर्वीच रुळांलगतच्या वस्त्यांतील रहिवाशांनी आणि सहप्रवाशांनी जखमींना चादरींत घालून, मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात नेले. या माणुसकीने अनेकांचे प्राण वाचले. मात्र अशा वेळी कोणता रुग्ण कोणत्या रुग्णालयात जाणार हे कोणीही ठरवलेले नसते. जे दार जवळ, त्या दारी सारे येतात. महाराष्ट्रात 2014 सालापासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. तरीही मोठ्या दुर्घटनेनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हेच घडणार, असे गृहीत धरून रुग्णालयाने आपली आखणी केली पाहिजे.

लंडनमधील दि. 7 जुलै 2005 च्या स्फोटांनंतर रॉयल लंडन रुग्णालयाने आपल्या कामाचा काटेकोर हिशेब प्रसिद्ध केला. तेथे 194 जखमी आले. त्यांपैकी गंभीर जखमी 27 होते. सर्वाधिक ओघाच्या वेळी तासाला 18 गंभीर रुग्ण या गतीने ते येत होते आणि तातडीच्या उपचारांचा कक्ष 15 मिनिटांतच भरला. 17 जणांवर शस्त्रक्रिया करावी लागली. पहिल्या 15 तासांत रक्त व रक्तघटकांच्या 264 पिशव्या लागल्या. त्या रुग्णालयाच्या एरवीच्या एका दिवसाच्या गरजेइतकेच जवळपास हे प्रमाण होते. माद्रिदमध्ये दि. 11 मार्च 2004 रोजी रेल्वेगाड्यांत स्फोट झाले, तेव्हा तेथील ग्रेगोरिओ मारान्यॉन रुग्णालयात 312 जखमी आले. त्यांपैकी 91 जणांना दाखल करावे लागले आणि 29 जण अत्यवस्थ होते.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. आलेल्या जखमींपैकी थोड्यांनाच अतिदक्षता विभागाची गरज असते. लंडनमध्ये गंभीर जखमींचे प्रमाण सातात एक होते, तर माद्रिदमध्ये अत्यवस्थांचे प्रमाण दहात एकाहून कमी. दुसरी गोष्ट अशी की, हे थोडे रुग्ण थेट अतिदक्षता विभागात येत नाहीत. अपघात विभाग, तपासण्या आणि शस्त्रक्रियागृह असा त्यांचा प्रवास होतो व काही तासांनी ते वर पोहोचतात. अपघात विभागाला तयारीसाठी मिनिटे मिळतात. अतिदक्षता विभागाला काही तासांची उसंत मिळते. ती सत्कारणी लावणे हेच तेथील नियोजनाचे पहिले सूत्र होय.

दारावरची वर्गवारी

प्रवेशद्वाराशीच प्रत्येक जखमीची रंगांनुसार वर्गवारी केली जाते. तत्काळ उपचार न मिळाल्यास ज्याचे प्राण जातील, पण उपचाराने जो वाचू शकेल, त्याला लाल पट्टी, गंभीर असूनही काही वेळ थांबू शकणाऱ्यास पिवळी, चालत्या-बोलत्यास हिरवी, आणि मृतास अथवा वाचण्याची शक्यता न उरलेल्यास काळी. हे काम वरकरणी सोपे वाटले तरी ते अनुभवी डॉक्टरकडेच सोपवावे लागते. घाबरून अनेकांना लाल पट्टी बांधली गेली, तर खरोखर अत्यवस्थ असलेला रुग्ण त्या गर्दीत हरवतो. लंडनच्या अभ्यासातही असे आढळले की, जेथे घटनास्थळी अनुभवी पथकाने पहिली वर्गवारी केली, तेथे किरकोळ जखमींना गंभीर ठरवण्याचे प्रमाण कमी राहिले.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी हीच वर्गवारी पुन्हा करावी लागते, कारण रुग्णाची प्रकृती तासागणिक बदलते. स्फोटाच्या दाबलहरीने फुप्फुसांना इजा झालेला रुग्ण आरंभी बरा दिसून नंतर खालावू शकतो. हिरवी पट्टी बांधलेल्याचीही काही वेळाने पुन्हा तपासणी व्हावी ती याचसाठी.

जागा : कोणाला, कोठे हलवायचे?

अमेरिकेतील छातीविकारतज्ज्ञांच्या संस्थेने 2014 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात अतिदक्षता विभागाच्या विस्ताराच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर नेहमीच्या पद्धतीने काम करीत क्षमता तत्काळ 20 टक्क्यांनी वाढवावी; दुसरीवर, काही तडजोडी स्वीकारून, 100 टक्क्यांनी; आणि महासंकटात 200 टक्क्यांनी. दहा खाटांचा विभाग असेल, तर अनुक्रमे 12, 20 आणि 30 रुग्णांची सोय, असा याचा अर्थ.

इतक्या खाटा रिकाम्या ठेवणे कोणत्याही रुग्णालयाला शक्य नाही. म्हणून त्या मोकळ्या कराव्या लागतात. ठरलेल्या परंतु पुढे ढकलता येण्याजोग्या शस्त्रक्रिया थांबवतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला शुद्धीवर येईपर्यंत जेथे ठेवतात, त्या कक्षात प्राणवायूची नळी, कफ ओढण्याचे यंत्र व मॉनिटर आधीपासूनच असतात. त्यामुळे विस्तारासाठी तीच जागा सर्वांत योग्य ठरते. त्यानंतर अतिदक्षता विभागातील जे रुग्ण उद्या सर्वसाधारण वॉर्डात जाणारच होते, त्यांना आजच हलवले जाते.

येथे नातेवाईकांच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो : दुसऱ्यासाठी आमच्या रुग्णाला बाहेर काढणार काय? त्याचे उत्तर स्पष्टपणे दिले पाहिजे. ज्याची प्रकृती स्थिर झाली आहे आणि ज्याला वॉर्डात पुरेशी देखरेख मिळू शकते, त्यालाच हलवावे. ज्याचा श्वास व्हेंटिलेटरवर अवलंबून आहे, त्याला जागा करण्यासाठी हलवू नये. हलवण्याचा निर्णय गडबडीत होऊ नये म्हणून दररोज सकाळच्या फेरीतच प्रत्येक रुग्णाच्या कागदावर ‘हलवता येईल’ किंवा ‘हलवता येणार नाही’ अशी नोंद करावी आणि तो कोणत्या वॉर्डात जाईल हेही लिहावे. या नोंदीला पाच मिनिटे पुरतात. आपत्तीच्या दिवशी तिच्यामुळे तास-दोन तास वाचतात. रुग्ण दाखल करतानाच ही पद्धत नातेवाईकांना समजावून सांगितली, तर पुढचा गैरसमज टळतो.

माणसे : खाटेमागचा हिशेब

व्हेंटिलेटरवरील रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असे मानले जाते. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर आठवड्याला 21 पाळ्या होतात. एक परिचारिका आठवड्यात सहा पाळ्या करते. म्हणजे एका खाटेमागे साडेतीन परिचारिका. रजा, आजारपण व प्रशिक्षण धरले की हा आकडा चार ते पाचवर जातो. देणगीतून दोन व्हेंटिलेटर आले, तर ते चालवण्यास आठ ते दहा प्रशिक्षित परिचारिका लागतात, हे गणित खरेदीच्या वेळी सहसा मांडले जात नाही.

आपत्काळात इतकी माणसे नव्याने मिळत नाहीत. म्हणून अतिदक्षता विभागातील एका अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली वॉर्डातील दोन-तीन परिचारिका द्यायच्या, अशी उतरंड रचली जाते. औषधांच्या मात्रा, यंत्राची मांडणी यांवर अनुभवी परिचारिकेने लक्ष ठेवावे. अंग पुसणे, कूस बदलणे, नोंदी ठेवणे ही कामे इतरांनी करावीत. वॉर्डातील परिचारिकांना दरवर्षी काही दिवस अतिदक्षता विभागात काम करू दिले, तरच ही रचना प्रत्यक्षात उतरते. वॉर्डबॉय, मावशी, तंत्रज्ञ, औषधभांडाराचे कर्मचारी आणि वाहनचालक यांचाही या आखणीत नावानिशी समावेश हवा.

कर्मचारी रुग्णालयापर्यंत पोहोचतील हेही गृहीत धरता येत नाही. दि. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतील लोकलगाड्या व रस्ते ठप्प झाले. एका वर्षानंतरच्या स्फोटांच्या सायंकाळी दूरध्वनी लागेनासे झाले होते. त्यामुळे चालत येऊ शकतील अशा अंतरावर राहणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी स्वतंत्र असावी व फोन न लागल्यास त्यांनी निरोपाची वाट न पाहता यावे, असा संकेत ठरलेला असावा. त्याच वेळी सर्वांना एकदम बोलावणेही चुकीचे आहे. पहिल्या रात्री सारेच राबले, तर दुसऱ्या दिवशी रुग्णांजवळ उभे राहण्यास ताजेतवाने कोणी उरत नाही. 2020-21 च्या करोना साथीत हा ताण महिनोन्‌महिने टिकला. दमलेल्या माणसाला सक्तीने विश्रांती देणे हाही नियोजनाचाच भाग होय.

साहित्य : प्राणवायू, रक्त, वीज

प्राणवायूच्या मोठ्या सिलिंडरमध्ये, ज्याला सर्वजण जम्बो म्हणतात, सुमारे सात घनमीटर म्हणजे 7,000 लिटर वायू असतो. मिनिटाला 10 लिटर लागणाऱ्या एका रुग्णाला तो साधारण साडेअकरा तास पुरतो. असे पाच रुग्ण असतील तर दोन तास वीस मिनिटे. नाकावाटे अतिशय वेगाने प्राणवायू देणाऱ्या यंत्रावर मिनिटाला 60 लिटर लागले, तर एका रुग्णालाही तो दोन तास पुरत नाही. म्हणून ‘किती सिलिंडर आहेत’ याऐवजी ‘किती रुग्णांना किती तास पुरतील’ असा प्रश्न विश्वस्तांनी विचारावा. दि. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिक येथील एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीची गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. टाकी कितीही मोठी असली, तरी तिच्या बिघाडाच्या वेळी लगेच जोडता येईल असा दुसरा साठा आणि तो जोडणारा माणूस चोवीस तास हजर हवा.

रक्ताबाबत एक गोष्ट हितचिंतकांनी जाणून घेण्याजोगी आहे. दुर्घटनेची बातमी कळताच दात्यांच्या रांगा लागतात. परंतु दान केलेल्या रक्ताची एच.आय.व्ही., कावीळ ब व क, गुप्तरोग आणि हिवताप यांसाठी तपासणी झाल्याशिवाय ते देता येत नाही. पहिल्या तासांत जखमींचे प्राण वाचतात ते आधीच्या आठवड्यांत कोणी तरी शांतपणे दिलेल्या रक्तामुळे. शिवाय तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस आणि रक्तबिंबिका पाचच दिवस टिकतात. सर्वांनी एकाच दिवशी रक्त दिले, तर त्यातील काही वाया जाण्याचा संभव असतो. नियमित रक्तदान आणि आपत्तीनंतर टप्प्याटप्प्याने येणे हेच खरे साहाय्य.

भूकंपात गरजेचे स्वरूप पालटते. ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडे निकामी होतात. तुर्कस्तानात दि. 17 ऑगस्ट 1999 रोजी झालेल्या भूकंपानंतर अशा 639 रुग्णांची नोंद झाली; त्यांपैकी 477 जणांना डायलिसिस करावे लागले. तेथे व्हेंटिलेटरइतकेच डायलिसिस यंत्राला आणि शिरेतून द्यावयाच्या साध्या सलाईनला महत्त्व आले. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट ज्या राज्याने पाहिली आहे, त्याने हा धडा विसरू नये.

रुग्णालयच संकटात सापडले तर?

दि. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात भूज येथील जिल्हा रुग्णालयाची इमारत कोसळली आणि जखमींवर उघड्या मैदानात उपचार करावे लागले. पुढे तेथे जे रुग्णालय उभारले, त्याच्या पायाशी भूकंपाचे हादरे शोषणारी रचना करण्यात आली. दि. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईतील कामा रुग्णालयात हल्लेखोर शिरले, तेव्हा परिचारिकांनी दारे लावून, दिवे मालवून गरोदर स्त्रियांना सुरक्षित खोलीत हलवले. न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर 2012 मधील सँडी वादळात एका मोठ्या रुग्णालयाचे जनित्र बंद पडले आणि तीनशेहून अधिक रुग्णांना जिन्यांवरून खाली उतरवून अन्यत्र न्यावे लागले. आपले जनित्र व त्याचा इंधनपंप तळघरात आहे काय, जिन्यावरून स्ट्रेचर वळते काय, हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी प्रत्येक खाटेजवळ आहे काय, हे प्रश्न विचारण्यास तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

निर्णय : सर्वांत कठीण भाग

सर्व उपाय योजूनही खाटेहून रुग्ण अधिक झाले तर? या प्रश्नाचे उत्तर पहाटे तीन वाजता एकट्या तरुण निवासी डॉक्टरवर सोडणे हा त्याच्यावर आणि रुग्णावरही अन्याय होय. निकष आधी लिहून, विश्वस्त मंडळाने संमत करून ठेवावेत. उपचाराने वाचण्याची शक्यता किती, हाच मुख्य निकष असावा. निर्णय दोन ज्येष्ठ डॉक्टरांनी मिळून घ्यावा आणि ते दोघे त्या रुग्णांवर प्रत्यक्ष उपचार करणारे नसावेत. कारणे त्याच वेळी लिहून ठेवावीत आणि ठरावीक काळाने प्रत्येक निर्णयाचा फेरविचार करावा. ज्याला खाट देता आली नाही, त्याच्या वेदना शमवण्याची आणि त्याच्याजवळ कोणी तरी बसलेले असण्याची व्यवस्था तितक्याच काळजीने करावी.

कोणते निकष वापरायचे नाहीत, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. पैसे भरण्याची ऐपत, जात, धर्म, ओळख, शिफारस यांना तेथे स्थान नाही. या यादीत एक शब्द आणखी घालावा लागेल, तो म्हणजे देणगी. ज्या कुटुंबाच्या दातृत्वातून खाट उभी राहिली, त्याच कुटुंबातील रुग्ण त्या रात्री दाराशी येऊ शकतो आणि ती खाट त्याच्याहून अधिक गरजू अनोळखी माणसाला दिली जाऊ शकते. ही शक्यता देणगी स्वीकारतानाच मोकळेपणाने सांगणे उचित होय. बहुतेक दात्यांना ती मान्य असते, कारण धर्मादाय या शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक असतो.

कायद्याची दिशाही हीच आहे. 1989 साली परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, जखमीचे प्राण वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खासगी, प्रथम कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येणार नाहीत. आपत्तीत अनामत रकमेचा विचार मनात येऊ नये, यासाठी ती त्या काळापुरती स्थगित ठेवण्याचा ठराव आधीच झालेला असावा.

आपण काय करू शकतो?

देणगीदारांना विनंती अशी की, यंत्रासोबत ते चालवणाऱ्या माणसांच्या प्रशिक्षणासाठीही द्यावे. भिंतीतील प्राणवायूच्या जादा जोडण्या, औषधांचा राखीव साठा, तालमीचा खर्च यांवर नावाची पाटी लागत नाही. आपत्तीच्या रात्री मात्र त्यांच्यावाचून यंत्र निरुपयोगी ठरते. विश्वस्तांनी पहिल्या 24 तासांतील खर्चाचे अधिकार वैद्यकीय अधीक्षकांना आगाऊ द्यावेत. वर्षातून दोनदा, त्यांपैकी एकदा रात्रीच्या वेळी, तालीम घ्यावी आणि तिच्यातील उणिवांचा अहवाल पुढच्याच सभेत वाचावा. मान्यवरांच्या भेटी अतिदक्षता विभागाबाहेरच थांबवण्याची जबाबदारीही विश्वस्तांनीच घ्यावी, कारण ती कर्मचाऱ्यांना पेलणारी नसते.

नातेवाईकांनी एका रुग्णामागे एकाच व्यक्तीने थांबावे. बेशुद्ध जखमींना क्रमांक देऊन त्यांचे छायाचित्र, कपडे व दागिने यांची नोंद ठेवली जाते. माहितीसाठी वॉर्डांतून न फिरता चौकशीच्या एकाच टेबलाशी यावे आणि आपल्या माणसाचे छायाचित्र व ओळखीची खूण सोबत आणावी. आपला रुग्ण आधीपासून दाखल असेल, तर सकाळच्या फेरीनंतर एक प्रश्न अवश्य विचारावा : आज गरज पडली, तर यांना हलवता येईल काय आणि कोठे? ज्या रुग्णालयात या प्रश्नाचे उत्तर परिचारिकेजवळ त्याच क्षणी तयार असते, तेथे पूर्वतयारी कागदावरून कामात उतरली आहे, असे समजण्यास हरकत नाही.